यादृच्छिक म्हणजे ‘कसेही’ नव्हे

मराठी समीक्षेत ‘यादृच्छिक’ हा शब्द फार स्वस्त झाला आहे. सोस्यूरच्या चिन्हविचारातून तो आमच्या नामपूरच्या वर्गांपर्यंत पोहोचला. चिन्हक आणि चिन्हित यांचे नाते निसर्गदत्त नसून संकेताने ठरते, एवढाच तिथे त्याचा अभिप्राय होता. पुढे गणितातील यादृच्छिकतेशी त्याची गल्लत झाली आणि न उमगलेल्या कवितेवर ‘यादृच्छिक रचना’ असा शिक्का मारण्याची सोय झाली. या सोयीला आमचा विरोध आहे.

गणिताने हा अर्थ सहजासहजी स्वीकारलेला नाही. १९१९ साली फॉन मीझेस याने अट घातली, की अंकांच्या अनंत क्रमात प्रत्येक अंकाचे प्रमाण स्थिरावले पाहिजे आणि नियमाने निवडलेल्या उपक्रमातही ते तेच राहिले पाहिजे. १९३९ साली व्हील याने ही अट अपुरी ठरवली. त्याआधी, १९३३ साली, चँपरनाउनने १, २, ३… असे सर्व पूर्णांक दशांशचिन्हापुढे ओळीने मांडले. त्यात प्रत्येक अंकसमूह अपेक्षित प्रमाणात येतो. तरीही सारी मांडणी एका वाक्यात सांगता येते! अखेर १९६५ साली कोल्मोगोरोव्हने नवा निकष दिला : जिचे वर्णन तिच्याहून फारसे आखूड करता येत नाही, ती अंकमालिका यादृच्छिक. म्हणजे ही गबाळेपणाची नव्हे, कमालीच्या काटेकोरपणाची कसोटी आहे.

आणि खरी मेख पुढेच आहे. दिलेल्या कोणत्याही मालिकेचे सर्वांत आखूड वर्णन शोधून देणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे सिद्ध झाले आहे. सूत्र सापडले, तर दाखवता येते. ते नाहीच, असे ठामपणे सांगणे मात्र फार अवघड.

आमच्याच जिल्ह्यातील देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचे उदाहरण पाहावे. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करा आणि उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. १९४९ पूर्वीही हा नियम तिथेच होता, पाहणारा नव्हता.

रूपकाला गणिताचा धाक कशाला, असे कोणी विचारील. शब्द उसना जरूर घ्यावा, पण त्याचे वजनही पेलावे. ‘या कवितेत सूत्र नाही’ असे लिहिणाऱ्या समीक्षकाने ‘मला सूत्र सापडले नाही’ असे लिहावे. पहिले विधान कवितेविषयी आहे, दुसरे वाचकाविषयी. आणि आपल्याजवळ पुरावा असतो तो बहुधा दुसऱ्याचाच.