वार्धक्याचे सोबती

खानदेशांत, विशेषतः जळगांव-धुळ्यासारख्या शहरांत, वाडा मोठा व माणसें दोनच अशीं घरें आतां पुष्कळ दिसतात. मुलें पुण्यास, नाहीं तर परदेशीं. जेथें एकत्र कुटुंब टिकून आहे, तेथेंही वृद्धांच्या शुश्रूषेचा भार बहुधा एकट्या सुनेवर पडतो, व तिच्या थकव्यास कर्तव्य हें नांव देऊन आपण मोकळे होतों. वास्तविक तिला हातभार लावणारीं माणसें बाहेर बरींच आहेत.

मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया डॉक्टर करतात, पण आजीबाईंना पुन्हां पायांवर उभें करतो तो फिजिओथेरपिस्ट. पेन्शनरांस दरवर्षीं हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०२० पासून पोस्टमन घरीं येतो, व तें काम ओसरीवरच उरकतें. मुलांनीं हातच वर केले, तर २००७ च्या कायद्यान्वयें प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मागतां येतो. १४५६७ या क्रमांकावर सल्लाही विनामूल्य मिळतो. पोटच्या मुलाविरुद्ध अर्ज लिहिण्यास किती जण धजतील, हा प्रश्न निराळा.

पण आम्हांस विशेषेंकरून लिहावयाचें आहे तें बारा तासांच्या पाळीवर येणाऱ्या मावशींविषयीं. अंथरुणास खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनीं बदलली नाहीं, तर पाठीस व माकडहाडापाशीं व्रण पडतात. रात्रभर जागून हें काम त्या करतात. वैशाखांत येथें पारा ४५ अंशांपलीकडे जातो. म्हातारपणीं तहानेची जाणीव मंदावते, शिवाय रक्तदाबाच्या कांहीं गोळ्यांनीं लघवी अधिक होते. म्हणून न मागतां घोटघोट पाणी पाजणें हेंही त्यांच्याकडेच. (हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास किती पाजावें, हें डॉक्टरांस विचारावें.)

अशा बाईचा कप मात्र कित्येक घरांत मोरीच्या खिडकींत वेगळा! जिच्या हातून आपली आई न्हाते व जेवते, तिच्यासाठीं निराळी कपबशी ठेवणें हें कोणतें सोंवळें, तें आम्हांस अद्यापि उमगलेलें नाहीं. पगाराची तारीख, आठवड्याची सुटी व जेवणाची सोय पहिल्याच दिवशीं ठरवावी. सुटीच्या दिवशींची पाळी घरांतील पुरुषांनीं घ्यावी. ती आपोआप सुनेकडे जाऊं देऊं नये. कूस कशी बदलावी, हें त्यांनीं मावशींकडूनच शिकून घ्यावें.