देवळाची पाठ पाहा

सुट्टीत सातारा जिल्ह्यातील वाईला गेलेली मंडळी ढोल्या गणपतीपुढे हात जोडतात, प्रसाद घेतात आणि मेणवलीच्या वाटेला लागतात. देवळाची मागची बाजू पाहायला क्वचितच कोणी थांबते. खरे शहाणपण तिथेच आहे. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या या मंदिराची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. कृष्णेचा पूर तिच्यावर दुभंगावा आणि दोन्ही अंगांनी निघून जावा, ही त्यामागची योजना. नदीशी भांडण नाही. तिला वाट करून दिली आहे.

हीच कृष्णा माहुलीला वेण्णेला भेटून पुढे सांगलीला येते. तिथे १९२९ च्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. पाऊस अफाट होता, हे खरेच. पण पूररेषेतली घरे-दुकाने काही पावसाने बांधली नव्हती.

तीर्थक्षेत्रांच्या विकासासाठी नदीकाठी वाहनतळ आणि गाळे मागताना एवढे ध्यानात ठेवावे. वाईला मुलांना घेऊन जाल, तेव्हा दर्शनानंतर त्यांना देवळामागचा तो दगडी मासाही दाखवा.