गाडीचं वय नको, तब्येत विचारा

‘अजून किती दिवस चालवणार ही?’ जुनी छोटी गाडी बाळगणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न ऐकावा लागतो. सोसायटीतले काका विचारतात, ऑफिसातला टीममेट विचारतो, पंपावर हवा भरणारा पोरगाही विचारतो. प्रश्नात चौकशी कमी आणि कीव जास्त असते. माझ्याकडे २००४ सालची मारुती झेन आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, हप्त्यावर नवी गाडी घेणं मला सहज जमलं असतं. तरी गेली दोन वर्षं शनिवार-रविवारी मी हीच गाडी घरच्या घरी, स्वतःच्या हातानं दुरुस्त करतोय.

हौस आहेच, पण हा लेख हौसेबद्दल नाही. गाडी रस्त्यावर असावी की नसावी हे तिच्या वयावरून ठरवणं चूक आहे, ते तिच्या तब्येतीवरून ठरायला हवं, एवढंच मला सांगायचंय. आपल्याकडे ते वयावरून ठरतं याला सरकार जबाबदार आहे. आणि आयुष्यात कधी बोनेट न उघडलेले आपण गाडीमालकही तितकेच जबाबदार आहोत.

वीस वर्षांचं नक्की काय असतं?

माझ्या झेनचे टायर दोन वर्षांचे आहेत. बॅटरी तेवढीच. ब्रेक पॅड, ब्रेकचे रबरी होज, टायमिंग बेल्ट, क्लच प्लेट, रेडिएटरचे पाइप, इंजिन माउंटिंग, सस्पेन्शनचे बुश हे सगळं गेल्या दोन वर्षांतलं. मग वीस वर्षांचं काय उरलं? ९९३ सीसीचं इंजिन, गिअरबॉक्स आणि पत्रा. त्यातलं इंजिन वेळेवर ऑइल आणि कूलंट मिळालं तर कुरकुर करत नाही. जुन्या छोट्या गाडीचा खरा शत्रू गंज असतो.

गंज कुठे बघायचा हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही. दरवाज्याच्या खालच्या कडेला पाणी निचरायची भोकं असतात, ती चिखलानं बुजली की दरवाजा आतून सडतो. बॅटरीखालचा ट्रे, पायाखालच्या कार्पेटखालचा पत्रा, रनिंग बोर्डची आतली बाजू या बाकीच्या जागा. आधीच्या मालकानं वर लांबी भरून रंग मारला असेल तर साधं लोहचुंबक घेऊन फिरा. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे पत्रा कमी आणि लांबी जास्त आहे. असली गाडी घेऊ नका, ती दहाच वर्षांची असली तरी.

आता ब्रेक ऑइल घ्या. ते हवेतली आर्द्रता शोषतं, त्यामुळे त्याचा उकळबिंदू खाली येतो. घाट उतरताना ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल मऊ पडतं. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. खर्च काही शे रुपये. तुमच्या ओळखीतल्या सहा-सात वर्षांच्या चकचकीत एसयूव्हीवाल्यांना विचारून बघा, शेवटचं ब्रेक ऑइल कधी बदललं. बहुतेकांना असं काही बदलायचं असतं हेच माहीत नसतं. कायद्याच्या नजरेत मात्र त्यांची गाडी तरुण आणि माझी म्हातारी.

पंधरा, वीस आणि पन्नास

आता कायदा बघू. खासगी कारची नोंदणी पंधरा वर्षं चालते. या पंधरा वर्षांत पीयूसी सोडली तर गाडीची कुठलीही सक्तीची तपासणी होत नाही. ब्रेक लागतात का, टायर गुळगुळीत झालेत का, सीटबेल्ट अडकतो का, हे सरकार पंधरा वर्षं एकदाही विचारत नाही. मग सोळाव्या वर्षी त्याला एकदम जाग येते.

या जागेपणाची किंमत बघा. २०२२ च्या एप्रिलपर्यंत कारच्या नोंदणी नूतनीकरणाला ६०० रुपये लागायचे. त्या महिन्यापासून ते ५,००० झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारींसाठी १०,००० झाले. म्हणजे सोळा पटींहून जास्त वाढ. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या गाडीला पर्यावरण कर वेगळा. बरं, फी सोळा पट वाढली तर तपासणी किती पट सुधारली? माझी गाडी जिथे नोंदलेली आहे तिथे तपासणी दहा मिनिटांत आटपली. चेसी नंबरचा ठसा घेतला, दिवे आणि हॉर्न बघितला. ब्रेक कुणी दाबून पाहिला नाही, गाडीखाली कुणी वाकलं नाही. नवे ब्रेक होज टाकलेली गाडी आणि फुटक्या होजची गाडी, दोघींना फी एकच आणि शिक्काही एकच.

२०२१ च्या वाहन भंगार धोरणात निकष तब्येतीचाच आहे हे मान्य करायला हवं. जी गाडी तपासणीत नापास होईल ती भंगारात, असं ते म्हणतं. त्यासाठी स्वयंचलित तपासणी केंद्रं उभारायची हेही त्यात आहे. पण फी वयावर लागते, कर वयावर लागतो, आणि दिल्लीत तर बंदीही वयावर लागली. डिझेल दहा वर्षं, पेट्रोल पंधरा वर्षं. राष्ट्रीय हरित लवादाच्या या नियमावर सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये शिक्कामोर्तब केलं. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयानं केवळ वयावरून कारवाई करू नका असं सांगितलं आणि डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. म्हणजे गाडी कधी जन्मली यापेक्षा ती कुठल्या मानकाची आहे हे महत्त्वाचं, इथपर्यंत तरी आपण आलो. पुढची पायरी उरलीय: ती आज प्रत्यक्षात किती धूर सोडते?

गंमत अशी की गाडी पन्नास वर्षांची झाली की हाच कायदा तिचं कौतुक करतो. २०२१ च्याच नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेली, मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते, तिला वेगळी नंबरप्लेट मिळते. १९८३ मध्ये दिल्लीच्या हरपाल सिंग यांना मिळालेली पहिली मारुती ८०० कंपनीनं पुन्हा नव्यासारखी करून आपल्या मुख्यालयात मांडली आहे. छान गोष्ट आहे. पण वीस ते पन्नास ही तीस वर्षं गाडीनं कुठे काढायची? संस्थानिकांच्या गाड्या गॅरेजात टिकल्या, कारण त्यांना गॅरेज होतं. आपल्या आईवडिलांनी पीएफ काढून घेतलेल्या झेन, सँट्रो आणि ८०० सोसायटीच्या पार्किंगमध्ये टिकायच्या आहेत.

प्रदूषण आणि सुरक्षेचं काय?

हा आक्षेप खरा आहे. माझी झेन बीएस-६ गाडीइतकी स्वच्छ नाही, कितीही प्लग बदलले तरी होणार नाही. पण एकूण धूर म्हणजे एका किलोमीटरचा धूर गुणिले किलोमीटर. माझी गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालते, ऑफिसला मी बसनं जातो. रोज साठ किलोमीटर चालवायची असेल तर वीस वर्षांची पेट्रोल गाडी घेऊ नका, हे मीच सांगेन. आणि नवी गाडी कारखान्यातून बाहेर पडायच्या आधीच तिच्या स्टील, ॲल्युमिनिअम, प्लास्टिकपोटी काही टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. तो हिशेब पीयूसीच्या कागदावर येत नाही.

पीयूसीचं म्हणाल तर बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती वर्षातून एकदा लागते, जुन्या गाड्यांना दर सहा महिन्यांनी. जास्त वेळा तपासा, माझी हरकत नाही. पण नीट तपासा. उभ्या गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजून नायट्रोजनच्या ऑक्साइडबद्दल काहीच कळत नाही. ऑक्सिजन सेन्सर मेलाय, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कुणीतरी काढून विकलाय, अशी आठ वर्षांची गाडी धडधाकट वीस वर्षांच्या गाडीपेक्षा जास्त विष सोडू शकते. तिला पकडायचं तर सगळ्याच गाड्या मोजाव्या लागतील.

सुरक्षेबद्दल मी वाद घालणार नाही. झेनमध्ये एअरबॅग नाही, एबीएस नाही, आणि घरी बसून ते लावता येत नाही. म्हणून एक्स्प्रेसवेवर मी ती नेत नाही. जे करता येतं ते मात्र करायलाच हवं: चांगले टायर, निर्दोष ब्रेक, चारही सीटबेल्ट आणि दिवे.

‘अपग्रेड’ म्हणजे काय हे इथेच कळतं. रील्समध्ये अपग्रेड म्हणजे कर्कश सिलेंसर, समोरच्याचे डोळे दिपवणारे निळसर एलईडी आणि गाडीबाहेर आलेले रुंद टायर. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारे बदल करू देत नाही आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठामपणे सांगितलंय. माझ्या मते बरोबरच आहे. माझ्या गाडीतलं सगळ्यात चांगलं अपग्रेड बाहेरून दिसतही नाही. त्या काळातल्या बऱ्याच छोट्या गाड्यांत हेडलाइटचा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. स्विच आणि वायर जुन्या झाल्या की वाटेतच व्होल्टेज गळतं आणि दिवे पिवळट, मंद होतात. दोन रिले, जाड वायर आणि फ्यूज घालून बॅटरीपासून थेट पुरवठा दिला की मूळच्याच ६०/५५ वॉटच्या बल्बांचा प्रकाश परत येतो. सामान नाना पेठेत हजार रुपयांच्या आत मिळालं.

हात काळे करायची लाज

आता आपल्याबद्दल. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉप असतं. लोखंडाचा तुकडा कानशीनं घासून फिटिंगचा ‘जॉब’ बनवायचा. किती जणांनी तो स्वतः घासला? चहापाण्याचे पैसे देऊन तयार जॉब मिळवणं ही आपली पहिली इंजिनिअरिंग. डिग्री म्हणजे हात स्वच्छ ठेवायचा परवाना, आणि पाना धरणं हे कुणा दुसऱ्यांचं काम, हे आपण तिथेच शिकतो. त्यात जात आणि वर्ग दोन्ही आहेत, हे उघड आहे. मग वस्तू उघडून बघायची सवय जाते, आणि तिच्या आत काय चाललंय हे कळत नसलं की तारखेवर विश्वास ठेवावाच लागतो. एक्सपायरी डेट छापलेली नसली तरी आपण ती वाचतो.

सॉफ्टवेअरमध्ये आपण असं वागत नाही. पंधरा वर्षांचा कोड चालतोय म्हणून कुणी तो पुसत नाही. त्यावर टेस्ट चालवतो, नापास झालेला भाग बदलतो. त्या पिढीच्या सुझुकी गाड्यांत तर टेस्टची सोय आतच असते. डायग्नोसिसची दोन टोकं तारेनं जोडली की डॅशबोर्डवरचा चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो. एकदा, थोडं थांबून दोनदा, म्हणजे १२, म्हणजे सगळं ठीक. लॅपटॉपही लागत नाही.

ज्यांना हे येतं त्या मिस्त्रींची वाट आपण अवघड करून ठेवलीय. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं चौदा कार कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं त्या स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नव्हत्या म्हणून. २०२२ मध्ये केंद्र सरकारनं ‘दुरुस्तीचा हक्क’ म्हणून समिती नेमली, पोर्टलही काढलं. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे.

आणि सोसायट्या? ‘पार्किंगमध्ये वाहन दुरुस्ती करण्यास सक्त मनाई’ अशी पाटी कित्येक ठिकाणी आहे. ताडपत्रीखाली चार वर्षं सडणारी गाडी तिथे चालते, रविवारी सकाळी तिचं ऑइल बदलणारा माणूस चालत नाही. ऑइल सांडेल ही भीती रास्त आहे. मग ट्रे ठेवा, जुनं ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, गटारात ओतणाऱ्याला दंड करा, दोन तासांची वेळ ठरवा. आणि दुरुस्ती करणाऱ्यांनो, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा. ब्रेकचं काम केलंत तर गाडी रस्त्यावर काढण्याआधी जाणत्या मिस्त्रीला दाखवा.

मागण्या साध्या आहेत. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर प्रत्येक कारची दरवर्षी तपासणी होते. ब्रेक, टायर, गंज, सीटबेल्ट, धूर सगळं बघतात, आणि नंबर टाकून कुठल्याही गाडीचा तपासणीचा इतिहास कुणालाही ऑनलाइन फुकट बघता येतो. वयाची मर्यादा नाही. आपल्याकडेही तपासणी सोळाव्या नव्हे, चौथ्या-पाचव्या वर्षापासून सुरू करा. फी तपासणीच्या खर्चाइतकी घ्या. निकाल सार्वजनिक करा. सुटे भाग आणि तपासणीची माहिती गल्लीतल्या गॅरेजलाही मिळेल असा कायदा करा. त्या तपासणीत माझी झेन नापास झाली तर मी तिला स्वतः भंगारात नेईन.

तोवर एक करा. हा लेख वाचून झाला की खाली पार्किंगमध्ये जा आणि तुमच्या गाडीच्या टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे शोधा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१७ असेल तर टायर २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलाय. रबर न वापरताही म्हातारं होतं, त्यामुळे वय मोजायचंच असेल तर आधी ते मोजा.