निकाल कळला, कारण कळू द्या

२०२५ साली २३ सप्टेंबरला दिल्लीच्या विज्ञान भवनात ७१वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले. साडी नेसून राष्ट्रपतींसमोर गेलेल्या चिमुकल्या त्रिशा ठोसरने अख्ख्या सभागृहाला टाळ्या वाजवायला लावल्या. ‘नाळ २’साठी तिच्यासह श्रीनिवास पोकळे आणि भार्गव जगताप, ‘जिप्सी’साठी कबीर खंदारे, पदार्पणातल्या दिग्दर्शनासाठी ‘आत्मपॅम्फ्लेट’चे आशिष बेंडे आणि उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’. मराठी माणसाने कौतुकाने मिरवावं असंच हे वर्ष होतं.

पण १ ऑगस्टला निकाल जाहीर झाल्यापासून गाजले ते वादच. शाहरुख खानला ‘जवान’साठी विक्रांत मॅसीबरोबर अभिनयाचा पुरस्कार विभागून मिळाला. ‘स्वदेस’मधल्या त्याच्या कामाला डावलून तेव्हाचा पुरस्कार ‘हम तुम’च्या सैफ अली खानला गेला, ही सल त्याच्या चाहत्यांनी दोन दशकं जपली आहे. योगायोग असा, की या वेळी कथापट विभागाच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्ष ‘स्वदेस’चेच दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर होते. कोणी म्हणालं, ‘चला, थकबाकी मिळाली.’ कोणी म्हणालं, ‘हा पुरस्कार त्या वर्षीच्या कामाचा असतो, कारकिर्दीसाठी फाळके पुरस्कार आहे की!’ तिकडे ‘द केरला स्टोरी’साठी सुदीप्तो सेन यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाल्यावर केरळच्या मुख्यमंत्र्यांनीच जाहीर निषेध केला, आणि ‘आडुजीवितम’च्या हाती काहीच न लागल्याने मल्याळी प्रेक्षक संतापले.

या गदारोळात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘अहो, सगळं आधीच ठरलेलं असतं.’ हे बोलणाऱ्याला आपण फार जाणते आहोत असं वाटतं, पण या वाक्याने फक्त विचार करायची जबाबदारी टळते. ‘आमच्याच हिरोला मिळायला हवा होता’ हा हट्टही त्याच जातीचा. दोन्हींत चित्रपटाबद्दल एक अक्षर नसतं.

निकालांवरचे मतभेद पुरस्कारांइतकेच जुने आहेत. १९५४ साली आपल्याकडे दोन पुरस्कार जन्माला आले. ‘फिल्मफेअर’चे पहिले पुरस्कार वाचकांच्या मतांवर ठरले आणि उत्कृष्ट चित्रपट ठरला बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’. सरकारी पुरस्कार समितीने ठरवले. तिथे राष्ट्रपतींचं सुवर्णपदक आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळालं आणि ‘दो बीघा जमीन’ला गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावं लागलं. एकाच वर्षीच्या चित्रपटांबद्दल वाचकांचा कौल एक आणि समितीचा दुसरा. दोघांपैकी कोणी लबाडी केली असं आज कोणी म्हणत नाही. वेगवेगळ्या नजरेने पाहिलं की वेगवेगळं दिसायचंच. मात्र आपण काय पाहिलं, हे निवडणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

कारणासह घेतलेल्या आक्षेपात किती बळ असतं, हे लता मंगेशकरांनी दाखवून दिलं. ‘चोरी चोरी’च्या संगीताला फिल्मफेअर मिळालं तेव्हा संगीतकार शंकर-जयकिशन यांनी त्यांना १९५७च्या सोहळ्यात त्यातलं गाणं गायची गळ घातली. त्यांनी साफ नकार दिला. पुरस्कार संगीतकाराला आहे, पार्श्वगायकाला तर पुरस्कारच नाही. मग गाणं गायकाशिवायच वाजवा, असा त्यांचा रोकडा मुद्दा होता. १९५९मध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान ‘मधुमती’तल्या गाण्यासाठी त्यांनाच मिळाला. नुसतं रुसून बसण्याने हे झालं नसतं. मुद्दा बिनतोड होता म्हणून झालं.

प्राण यांनी तर याहून अवघड गोष्ट केली. १९७३मध्ये ‘बेईमान’साठी मिळालेला सहायक अभिनेत्याचा पुरस्कार त्यांनी नाकारला. संगीताचा पुरस्कार ‘पाकिजा’चे दिवंगत संगीतकार गुलाम मोहम्मद यांना मिळायला हवा होता, हे त्यांचं कारण. तो मिळाला होता ‘बेईमान’लाच, म्हणजे प्राण यांच्या स्वतःच्या चित्रपटाला! निकाल बदलला नाही. पण त्या दोहोंपैकी कोणत्या चित्रपटाची गाणी आजही घराघरांत ऐकली जातात, हे वाचकांना सांगायला नको.

२०२५मध्ये असा आक्षेप अभिनेत्री उर्वशी यांनी घेतला. ‘उल्लोळुक्कु’मधल्या भूमिकेसाठी केरळ सरकारने त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार विभागून दिला होता. दिल्लीत त्याच भूमिकेला सहायक अभिनेत्रीचा, तोही विभागून. मुख्य कोण आणि सहायक कोण हे कोणत्या निकषावर ठरतं, असं त्यांनी उघड विचारलं. प्रश्न सरळ आहे, पण त्याचं उत्तर मिळण्याची सोय आपल्या पुरस्कारांच्या व्यवस्थेत नाही. विजेत्याच्या नावाखाली दोन-तीन ओळी छापल्या जातात आणि त्यात विशेषणंच जास्त असतात. ‘सशक्त’, ‘संवेदनशील’ आणि ‘प्रभावी’ हे शब्द एका चित्रपटाखालून काढून दुसऱ्याखाली टाकले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही.

आमची मागणी एवढीच, की प्रत्येक पुरस्कारामागे परीक्षकांनी निदान अर्धं पान लिहावं. शेवटच्या फेरीत कोणती कामं होती, निवडलेलं काम त्यांच्यापेक्षा कुठे सरस वाटलं, कोणाचा विरोध असेल तर कशासाठी. गुप्ततेची सबब सांगितली जाईल. कोणी कोणाला मत दिलं हे खुशाल झाकून ठेवा, कारणं कशाला झाकायची? न्यायालयात हरलेल्या पक्षकारालाही निकालपत्र मिळतं, आणि पीठातल्या एखाद्या न्यायमूर्तीचं वेगळं मत असेल तर तेही त्यात येतं. जनतेच्या पैशातून चालणाऱ्या पुरस्काराने एवढी अपेक्षा पूर्ण करायला काय हरकत आहे? कारणं छापली गेली तर परीक्षकही निकाल देण्यापूर्वी दोनदा विचार करतील.

हीच अट प्रेक्षकांनाही लागू आहे, आणि तिची पहिली पायरी म्हणजे चित्रपट पाहणं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१७ साली सुवर्णकमळ मिळालं तेव्हा तो चित्रपटगृहांत लागलाही नव्हता. तरी अभिनंदन करणाऱ्यांची रांग लागली होती. काही महिन्यांनी तो प्रदर्शित झाला तेव्हा तिकीटखिडकीवर तेवढी रांग लागली नाही. याउलट संदीप सावंत यांच्या ‘श्वास’च्या वेळी, २००४ साली, लोकांनी आधी चित्रपट पाहिला, त्याबद्दल ते भरभरून बोलले, आणि ऑस्करच्या प्रचारासाठी वर्गणीही काढली. ऑस्कर मिळालं नाही, पण मराठी चित्रपटाला पुन्हा प्रेक्षक मिळाला. पुरस्काराचं चीज होतं ते असं.

का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी वाचक दर दिवाळीला अंक चाळून, तोलून, हातचं न राखता मत देत आला आहे. आज दिवाळी अंकांच्याही स्पर्धा होतात, मानचिन्हं मिळतात, पण कुठल्या लेखासाठी मिळाली हे तिथेही क्वचितच सांगितलं जातं. तेव्हा या अंकापुरते परीक्षक तुम्हीच व्हा. अंक आवडला असं कळवलंत तर बरं वाटेल. कुठली कथा कुठे फसली आणि कुठला लेख का पटला नाही, हे चार ओळींत लिहून पाठवलंत तर त्याचा उपयोग होईल. निवडक पत्रं, आमच्यावर टीका करणारी धरून, आम्ही छापू.



— संपादक