"तुम्ही व्हा पुढे, मी येतोच"

दिवाळीची बुकिंगे सुरू झाली की सुरतेतल्या आपल्या कार्यालयांत एक वाक्य हमखास कानावर पडते. "तिकिटे सगळ्यांची एकत्रच काढा, फक्त ह्यांचे वेगळे. हे परस्पर जहाजावर येतील." 'हे' कधी हिऱ्यांच्या कामासाठी हाँगकाँगला असतात, कधी दुबईला. उधना-लिंबायतच्या मराठी घरांत माणसे बदलतात, मामला तोच राहतो. आईवडील सुरतेहून निघणार आणि मुलगा पुण्याहून मुंबईच्या धक्क्यावर येणार, किंवा सिंगापुरात नोकरीला असेल तर थेट तिथल्या टर्मिनलवर भेटणार. आपण मान डोलावतो, विमानाची तिकिटे वेगवेगळी काढतो आणि क्रूझचे बुकिंग मात्र सगळे एकाच टॅक्सीतून उतरणार असल्यासारखे करतो.

अशी बुकिंगे आता वाढतच जाणार. कॉर्डेलियाच्या 'एम्प्रेस' जहाजाने सप्टेंबर 2021 मध्ये मुंबईहून देशांतर्गत सफरी सुरू केल्या, तेव्हापासून क्रूझ ही आपल्या गिऱ्हाइकाला पहाटेची फ्लाइंग राणी पकडून गाठता येईल अशी गोष्ट झाली. डिसेंबर 2023 मध्ये सुरत विमानतळाला आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, दुबईचे विमान सुरू झाले, पुढच्या वर्षी बँकॉकचे. एकाच घरातला एक जण डुमस रोडवरून उडतो, दुसरा मुंबईहून, तिसरा आधीच परदेशात असतो. सगळ्यांना बसमध्ये कोंबून, टूर मॅनेजरच्या झेंड्यामागे चालवत धक्क्यावर नेण्याचे दिवस संपले असे नाही, पण तेवढ्यावर धंदा चालणार नाही.

मुळात यात अडचण काय आहे? क्रूझ कंपन्यांच्या बाजूने जवळपास काहीच नाही. केबिन दोघांची असली तरी चेक-इन एकेकाचे होते. पासपोर्ट ज्याचा त्याचा तपासतात, फोटो ज्याचा त्याचा घेतात, दाराची किल्ली आणि पाकीट अशी दोन्ही कामे करणारे कार्डही ज्याचे त्याला देतात. बायको दुपारी बाराला चढली आणि नवरा साडेतीनला आला, तर तिला खाली ताटकळत बसायला कुणी सांगत नाही. घोळ होतो तो आपल्या फाइलमुळे.

आपण फाइल एक करतो आणि ती घरातल्या कर्त्या माणसाच्या हातात देतो. व्हाउचर, बोर्डिंग पास, व्हिसाच्या प्रती, विमा, मुलांचे जन्मदाखले, सगळे एका प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, वर आपल्या कंपनीचा लोगो. तो कर्ता माणूसच जर परस्पर येणार असेल तर बाकीच्यांच्या हातात उरतात पासपोर्ट आणि फोनवरची एक अर्धवट डाउनलोड झालेली पीडीएफ. परदेशातल्या टर्मिनलवर रोमिंग चालू नसलेला फोन घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला "तुमचे मिस्टर कुठे आहेत?" या प्रश्नाचे उत्तर देता येते, पण काउंटरवरच्या माणसाला त्यात रस नसतो. त्याला तिचा कागद हवा असतो. म्हणून जितके जण वेगळे येणार, तितक्या पूर्ण फाइली, आणि त्याही छापील. आपल्यातले काही जण यावर हसतील, पण छापील कागदाची बॅटरी संपत नाही.

येण्याची वेळही एकच टाकण्याची आपल्याला सवय आहे. ऑनलाइन चेक-इन करताना बहुतेक कंपन्या प्रत्येकाला येण्याचा स्लॉट निवडायला लावतात. आपल्या डेस्कवरची मुले पहिल्या नावाला जो स्लॉट देतात तोच खाली ओढत नेतात. वेगळ्या विमानाने येणाऱ्याचा स्लॉट त्याच्या विमानाप्रमाणे भरा, आणि त्या विमानाचा क्रमांकही कंपनीला कळवा. उशीर झालाच, तर त्या माणसाचे नाव कुणाच्या तरी पडद्यावर आधीच असते.

पैशाचेही तसेच. जहाजावरचा खर्च कार्डाला जोडलेला असतो, आणि कुटुंबात ते क्रेडिट कार्ड बहुधा एकाच्याच नावाचे असते. तो माणूस उशिरा येणार असेल, तर आधी चढणाऱ्याजवळ स्वतःचे चालणारे कार्ड किंवा अनामत भरण्यापुरती रोकड लागते. सामानाबद्दल एवढेच, की ज्याचा टॅग त्याच्याच बॅगेला. औषधे आणि पासपोर्ट धक्क्यावर हमालाच्या हाती जाणाऱ्या बॅगेत नकोत, हे तर सगळ्यांनाच माहीत आहे आणि तरी दर मोसमात कुणीतरी ठेवतेच.

मुलांच्या बाबतीत मात्र सावकाश वाचावे. केबिनमध्ये ठरावीक वयाचा एक तरी प्रौढ हवा, हा नियम पाळण्यासाठी आपण कागदावर खोल्या वाटतो. बाबा आणि मोठी मुलगी एका केबिनमध्ये, आई आणि धाकटा दुसऱ्यात. प्रत्यक्षात कोण कुठे झोपणार हे घरचे ठरवतात, आणि जहाजाचेही त्याला फारसे काही म्हणणे नसते. पण बाबा परस्पर येणार असतील, तर मुलगी धक्क्यावर येते तेव्हा तिच्या केबिनमधला प्रौढ अजून पोहोचलेलाच नसतो. कागद हरकत घ्यायला जागा देतो. बुकिंगच्या वेळीच मुलांना आधी येणाऱ्याच्या केबिनमध्ये टाकले तर हा प्रश्न उरत नाही, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. मुले आजीआजोबांबरोबर किंवा मामा-मावशीबरोबर पुढे जाणार असतील तर आईवडिलांचे सहीनिशी संमतीपत्र, शक्यतो नोटरी केलेले, त्यांच्या फाइलमध्ये असावे. आईवडील तासाभराने येणारच आहेत, हे कारण तिथे चालत नाही. त्या तासाभरात ते मूल कुणाच्या ताब्यात आहे, हे इमिग्रेशनच्या माणसाला कळायला हवे.

कागदाचे हे दुखणे सुरतेला नवे नाही. अकबराची आत्या गुलबदन बेगम हजला निघाली ती इथूनच. समुद्रावर सत्ता पोर्तुगीजांची, आणि त्यांच्या परवान्यावाचून जहाज सोडायचे म्हणजे संकट ओढवून घेणे. त्या परवान्यापायी सगळा लवाजमा महिनोन्‌महिने सुरतेत खोळंबला. अखेर ऑक्टोबर 1576 मध्ये बेगमा निघाल्या त्या 'सलीमी' जहाजावरून. बाकीच्या यात्रेकरूंसाठी जहाज वेगळे, 'इलाही'. बादशहाच्या घरची माणसे, खजिना, शिपाई, सुरतेचा सुभेदार हाताशी, तरी अडायचे ते कागदापाशीच अडले. आपल्या पार्टीजवळ यातले काहीच नसते, एजंट तेवढा असतो.

उशिराचा प्रश्न इथेच घ्यावा लागतो. जहाज सुटण्याच्या साधारण तास-दीड तास आधी चेक-इन बंद होते आणि प्रवाशांची यादी पक्की होते. निघण्यापूर्वी जहाजावरच्या प्रत्येक माणसाची मोजदाद झाली पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय सागरी सुरक्षेचा नियमच आहे. "त्यांची बायको आत आहे हो, पाच मिनिटे थांबा," ही विनवणी त्या यादीपुढे चालत नाही. मग गिऱ्हाईक विचारते, पुढच्या बंदरावर चढता येईल का? कधी येते, कधी येत नाही. त्यासाठी कंपनीची आगाऊ परवानगी लागते आणि त्या देशाचा व्हिसा लागतो. अमेरिकेत तर 1886 चा एक कायदा आडवा येतो. परदेशी झेंड्याच्या जहाजावर त्यांच्या एका बंदरात चढून दुसऱ्या बंदरात उतरण्यावर त्याने निर्बंध घातले आहेत, आणि उशिरा चढल्यामुळे सफरीचा आराखडा त्यात बसेनासा झाला तर परवानगी नाकारली जाऊ शकते. आपल्याकडचे उदाहरण लक्षद्वीपचे. तिथे पाय ठेवायला भारतीयांनाही परवाना लागतो आणि त्यासाठी नावे आधी द्यावी लागतात. ऐनवेळी "माझ्याऐवजी मेहुणा येतोय" हे तिथे खपत नाही.

भूमध्य समुद्रात कोस्टा आणि एमएससीसारख्या कंपन्या एकाच सफरीत अनेक बंदरांवर प्रवासी चढवतात. एक जण बार्सिलोनाला, दुसरा जेनोवाला, अशी सोय त्यात निघू शकते. ती हवी असेल तर बुकिंगच्या वेळीच लेखी मागावी. पण या पद्धतीची एक काळी बाजू आपल्या धंद्याने विसरू नये. 13 जानेवारी 2012 च्या रात्री 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळले आणि 32 जण मेले. त्याच संध्याकाळी चिवितावेक्कियाहून चढलेल्या जवळपास 700 प्रवाशांचा सुरक्षा सराव झालेला नव्हता. चढल्यापासून 24 तासांत तो घेण्याची तेव्हा मुभा होती, आणि त्यांचा सराव दुसऱ्या दिवशी ठरला होता. त्यानंतर नियम बदलला. 1 जानेवारी 2015 पासून सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच होतो. म्हणून उशिरा चढणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, की केबिनमध्ये पाय पसरण्यापूर्वी आपल्या मस्टर स्टेशनवर जायचे. बायकोने हजेरी लावली म्हणून नवऱ्याची लागत नाही.

व्हिसाही माणसागणिक तपासावा. सिंगापूर किंवा दुबईहून सुटून तिथेच परत येणाऱ्या सफरीत त्या देशात दुसऱ्यांदा प्रवेश होतो, म्हणून मल्टिपल एंट्री. ग्रूपचा व्हिसा आपण एकत्र काढतो, तेव्हा हे आपोआप सांभाळले जाते. जो परस्पर येतो तो स्वतःच काढून येतो, आणि "माझ्याकडे व्हिसा आहे" एवढेच फोनवर सांगतो. त्याची प्रत मागवून एंट्रीचा रकाना आपल्या डोळ्यांनी वाचावा.

आता पैशाची कटकट. एक जण आधीच रद्द झाला, तर उरलेल्याचे भाडे एकट्याच्या दराने नव्याने मोजले जाऊ शकते. तो धक्क्यावर आलाच नाही, तर त्याचे भाडे बुडाले. मात्र बंदराचे कर आणि शुल्क बहुतेक कंपन्या मागितल्यास परत करतात, आणि आपल्यापैकी फारच थोडे जण ते मागतात. हे पैसे गिऱ्हाइकाचे आहेत. शिवाय जाण्याचे विमान चुकले की त्याच तिकिटावरचे परतीचेही विमान कंपनी रद्द करते. पुढच्या बंदरावर जहाज गाठलेला माणूस सफर संपल्यावर परतीच्या तिकिटावाचून विमानतळावर उभा राहतो. विमा विकताना 'मिस्ड कनेक्शन'चे कलम काय झाकते आणि काय नाही, हे वाचून सांगावे. सुरत ते मुंबई रेल्वेने आणि पुढे वेगळ्या तिकिटावर विमान, हे त्यात बसेलच असे नाही. परस्पर येणाऱ्याने आदल्या दिवशी पोहोचावे, हा सल्ला आपण सगळेच देतो आणि हॉटेलच्या एका रात्रीचे पैसे वाचवायला आपल्या गावचे गिऱ्हाईक तो तितक्याच आनंदाने धुडकावते. निदान सल्ला लेखी द्या.

क्रूझ न विकणाऱ्यांनीही हे पान उलटू नये. हजीरा-घोघा रो-पॅक्स नोव्हेंबर 2020 मध्ये सुरू झाली आणि 370 किलोमीटरचा रस्ता समुद्रावरून 90 किलोमीटरवर आला. गाडीसह जाणाऱ्या कुटुंबाची फाटाफूट अशा जहाजांवर बहुतेक ठिकाणी ठरलेलीच असते. चालक गाडी घेऊन रॅम्पने आत जातो, बाकीचे टर्मिनलमधून. ओळखपत्रे गाडीच्या डॅशबोर्डमध्ये राहिली तर धक्क्यावर आजोबांजवळ काय असणार?

या जास्तीच्या कामाचे पैसे घ्यावेत का, असे बरेच जण विचारतात. आमच्या मते जरूर घ्यावेत. दोन फाइली, दोन स्लॉट, व्हिसाची वेगळी तपासणी, आणि सफरीच्या दिवशी एक माणूस फोनजवळ, हे काम फुकटचे नाही. बुकिंगच्या फॉर्ममध्ये 'कोण कुठून, कोणत्या वेळी चढणार' असा रकाना प्रत्येक प्रवाशापुढे छापून घ्यावा आणि त्यावर गिऱ्हाइकाची सही घ्यावी. त्यासाठी आकारलेली रक्कम पावतीवर वेगळ्या ओळीत दाखवावी. पॅकेजच्या किमतीत लपवली, तर पुढच्या दिवाळीला शेजारचा एजंट पाचशे रुपये कमी सांगेल आणि तो रकाना त्याच्या फॉर्मवर नसेल.