केबल पुरताना आधी आवरण बघा

मृग तोंडावर आला की हॅम मंडळींच्या बँडवरच्या गप्पा हवामानावरून हळूच चरावर येतात. पावसाच्या आधी खणून घ्यायचा की दिवाळीनंतर बघायचं? बंगल्याभोवती थोडी जागा असलेल्यांची किंवा शेतघर असलेल्यांची अँटेना बहुधा कुंपणाच्या कडेला उभी असते. तिथून शॅकपर्यंत केबल आंब्यावरून आणि गच्चीच्या कठड्यावरून लोंबकळत आणण्यापेक्षा जमिनीतून आणलेली बरी. घरचेही या बेताला लगेच हो म्हणतात, आणि हॅमच्या संसारात असे प्रसंग थोडे. मग चर किती खोल हे ठरायच्या आतच प्रश्न येतो, "लॉस सगळ्यात कमी कुठल्या केबलला?"

पुरायच्या केबलला हा प्रश्न दुसरा विचारावा. पहिला प्रश्न वरच्या काळ्या आवरणाचा. ते कशाचं आहे, आणि त्याच्या आत पाणी अडवायला काही भरलंय का?

लॉसचं गणित आधी उरकून टाकू, कारण ते सोपं आहे. समजा अँटेना 30 मीटरवर आहे आणि काम फोर्टी मीटर बँडवर, म्हणजे 7 मेगाहर्ट्झवर. या लांबीत बारीक आरजी-58 साधारण सव्वा डीबी खाते, जाडजूड आरजी-213 अर्धा डीबी, आणि महागडी एलएमआर-400 त्याहून थोडं कमी. एस-मीटरचा एक आकडा हलायला 6 डीबी लागतात. तेव्हा 213 आणि 400 मधला फरक समोरच्याला ऐकू येणं शक्य नाही. टू मीटरवर मात्र हिशेब पालटतो. तेवढ्याच 30 मीटरमध्ये 145 मेगाहर्ट्झला आरजी-58 सुमारे 6 डीबी गिळते, म्हणजे रिगमधून निघालेल्या 50 वॅटपैकी अँटेनाला साडेबारा मिळतात. एलएमआर-400 वर दीड डीबी जातात आणि पस्तीसेक वॅट पोचतात. सत्तर सेंटिमीटरवर तर आरजी-58 पुरण्यापेक्षा ती जागा फुलझाडांना द्यावी. थोडक्यात, एचएफवाल्याने आरजी-213 वर समाधान मानावं आणि व्हीएचएफ-यूएचएफवाल्याने खिसा सैल सोडावा.

पण हे सगळे आकडे कोरड्या केबलचे असतात.

आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच कोॲक्सवर पीव्हीसीचं आवरण असतं. पीव्हीसी मुळात कडक. ते लवचीक व्हावं म्हणून त्यात तेलकट प्लास्टिसायझर घालतात. जुन्या आरजी-8 मध्ये हाच प्लास्टिसायझर वर्षानुवर्षं झिरपत आतल्या पॉलिथिनमध्ये उतरायचा आणि केबल नुसती हवेत टांगलेली असली तरी तिचा लॉस वाढत जायचा. त्यावर उपाय म्हणून आतल्या थराला न बाटवणारं पीव्हीसी आलं, आणि आरजी-213 वर तेच असतं. उन्हात ती वर्षानुवर्षं टिकते. ओल्या मातीत मात्र पीव्हीसी पाण्याची वाफ अगदी सावकाश का होईना, आत घेत राहतं. पॉलिथिन, म्हणजे केबलच्या तक्त्यात ज्याला पीई म्हणतात, ते पाण्याला जवळजवळ दारातच उभं करतं. म्हणून पुरायच्या केबलचं आवरण पीई हवं, हा माझा पहिला हट्ट.

दुसरा हट्ट आतल्या चिकट जेलचा. आवरण कितीही चांगलं असो, चरात ओढताना एखादा दगड त्याला ओरखडा काढतोच. त्या भेगेतून शिरलेला थेंब तिथेच थांबत नाही. तांब्याची जाळी त्याला दिव्याच्या वातीगत लांबपर्यंत ओढून नेते. अशी मुरलेली केबल कधी सोलून बघा. वरून काळंभोर, ठणठणीत आवरण, आणि आत लालसर तांब्याच्या जागी काळपट-हिरवी, चिमटीत चुरा होणारी जाळी. अॅल्युमिनियम फॉइलची केबल असेल तर फॉइलच्या जागी पांढरी पूड. 'डायरेक्ट बरियल' म्हणून विकल्या जाणाऱ्या केबलमध्ये जाळी आणि आवरणाच्या मधे जेल भरलेलं असतं. लहानसा ओरखडा पडला तर तेच जागा बुजवतं. एलएमआर-400 ला साधं पीई आवरण असतं, आणि तिच्याच डीबी नावाच्या भावंडात हे जेल असतं. पुरायची असेल तर डीबीच मागवा, थांबावं लागलं तरी. सोलताना हात बरबटतात आणि कनेक्टर लावण्याआधी सगळं पुसून काढावं लागतं, एवढीच तिची तक्रार.

पाण्याचं कोॲक्सशी मूळचं वैर नाही, हे इथे सांगायला हवं. 1956 मध्ये स्कॉटलंड आणि न्यू फाउंडलंडच्या मधे अटलांटिकच्या तळाशी टाकलेली पहिली टेलिफोन केबल, टॅट-1, कोॲक्सियलच होती. तिच्यातही पॉलिथिनच होतं. खाऱ्या पाण्यात ती 1978 पर्यंत चालली. आपल्या परसातला चर त्यापुढे काय! फक्त तिथे आवरणावर पैसा खर्च झाला होता, आपण तो वाचवायला बघतो.

"मग पाइपातून घालतो ना!" हे उत्तर ठरलेलं. पाइप जरूर घाला, पण केबल कोरडी राहील या आशेने घालू नका. जमिनीतल्या पाइपात पाणी येतंच. काही सांध्यांतून येतं, काही आतल्या दमट हवेचं रात्री थंडावून होतं. पहिल्या पावसाळ्यानंतर पाइप म्हणजे लांबट हौद. तळाला भोक पाडून खाली खडी भरण्याचा सल्ला कोकणातल्या जांभ्यात चालतो, कारण तिथे पाणी खाली उतरून जातं. देशावरच्या काळ्या मातीत त्याच भोकातून पाणी वर येतं. तिथे पाइपाला एका टोकाकडे उतार द्या आणि केबल पाण्यातच राहणार असं धरून चाला. पाइपाचा खरा उपयोग दोन शत्रूंसाठी. एक घूस, जिला पीई आणि पीव्हीसी सारखेच रुचकर. दुसरा माळी, ज्याला दोन वर्षांनी चर कुठून गेलाय ते आठवत नसतं. रस्त्याकडेला फायबरसाठी टाकतात तसा एचडीपीई पाइप दोघांनाही पुरून उरतो.

काळ्या मातीची आणखी एक खोड. ती पावसात फुगते आणि चैत्र-वैशाखात हातभर भेगा पाडते. ताणून टाकलेली केबल या ओढाताणीत कनेक्टरपाशी तुटते. म्हणून ती चरात नागमोडी टाका, खाली-वर बारीक वाळूचा थर द्या, दोन्ही टोकांना थोडी गुंडाळी जादा ठेवा. घराच्या लाइटची केबल त्याच चरात टाकायचा मोह आवरा. दोघींमध्ये निदान फूटभर माती असू द्या.

जोड जमिनीत कधीही पुरू नये. पूर्ण लांबीची एक सलग केबल घ्या. दोन तुकडे जोडून पैसे वाचवणारा पुढच्या श्रावणात तोच चर पुन्हा खणतो. वरच्या टोकाला एन कनेक्टर असेल तर त्याची रबरी चकती पाणी थोडंफार अडवते. आपल्या सवयीचा पीएल-259 मुळीच अडवत नाही. त्यावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा, वरून साधी विनाइल टेप, आणि शेवटचा वेढा खालून वर न्या, म्हणजे टेपच्या कडांवरून पाणी घसरून जाईल.

मुरलेली केबल ओळखायची कशी? इथे एसडब्ल्यूआर मीटर चक्क फसवतो. केबलमध्ये लॉस वाढला की अँटेनाकडून परत येणारी पॉवर वाटेतच जिरते आणि मीटर गोडगोड दाखवू लागतो. दर पावसाळ्यानंतर ज्यांचा एसडब्ल्यूआर आपोआप सुधारतो, त्यांनी पेढे वाटू नयेत. पुरण्याआधी केबलचं दुसरं टोक उघडं ठेवा आणि नॅनोव्हीएनएवर रिटर्न लॉस मोजा. त्याचा निम्मा म्हणजे केबलचा एकेरी लॉस. दोन-तीन बँडचे आकडे लॉगबुकाच्या मागच्या पानावर लिहा आणि दर दिवाळीला पुन्हा मोजा. आकडा चढायला लागला की कारण शोधायला वेळ मिळतो.

नवीन व्हीयू3 मंडळी विचारतात, डिशची आरजी-6 चालेल का? 50 वॅटला ती खुशाल चालते. ती 75 ओहमची असल्याने एसडब्ल्यूआर थोडा वाढेल, त्याने काही बिघडत नाही. जेल भरलेली, पीई आवरणाची मिळाली तर पुरायला ती पीव्हीसीच्या आरजी-58 पेक्षा माझ्या मते सरस. मात्र गाभ्याच्या तारेला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर आत पोलाद आहे आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. ऐंशी मीटरवर तो मुलामा अपुरा पडतो आणि लॉस वाढतो. वरच्या बँडना फरक नाही.

केबल जमिनीत गेली म्हणजे विजेची भीती गेली, हा समजही खोडून काढतो. वीज जवळपास पडली तरी जमिनीतून वाहणारा प्रवाह जाळीवर चढतो. केबल घरात शिरते तिथेच सर्ज अरेस्टर, तिथेच अर्थिंग, आणि ते अर्थिंग घराच्या मुख्य अर्थिंगला जाड तांब्याने जोडलेलं. दोन अर्थिंग वेगवेगळी ठेवली तर त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक रिगमधूनच वाट काढतो. वळिवाच्या दिवसांत संध्याकाळी आभाळ भरून आलं की कनेक्टर काढून खिडकीबाहेर ठेवायचा, हा नियम चरवाल्यांनाही लागू आहे.

शेवटचं, पाइप घेताना गरजेपेक्षा एक माप मोठा घ्या आणि केबलबरोबर एक नायलॉनची दोरी आत सोडून ठेवा. दुसरी अँटेना येणारच आहे, घरी अजून सांगितलं नसेल इतकंच.