मेळघाटच्या दाराशी कोण पोहोचले?

सर्व राष्ट्रांत जाऊन लोकांना शिष्य करावे, ही ख्रिस्ताची आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस आली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी संमत केलेल्या आज्ञापत्रानेही धर्मप्रसार हा चर्चचा मूळ स्वभावच असल्याचे सांगितले. तेव्हा मिशनरी डोंगरदऱ्यांत का येतात, हा प्रश्नच व्यर्थ होय. त्यांच्या दृष्टीने ते कर्तव्य आहे. विचारावयाचे ते एवढेच की, ते ज्या संस्कृतीपर्यंत पोहोचतात तिचे पुढे काय होते?

वऱ्हाडला हा विषय नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच अमेरिकन ‘अलायन्स’ मिशनने अकोल्यात ठाणे मांडले. १८९९-१९०० च्या छप्पन्नाच्या दुष्काळात या मंडळींनी अनाथ मुलांना आसरा दिला. उपाशी मुखी पडलेला घास हा उपकारच. तो नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु ती मुले घास देणाराच्या धर्मात वाढली, हेही तितकेच खरे. पुढे १९५५ साली अमरावती हे कॅथॉलिक धर्मप्रांताचे केंद्र झाले.

तथापि, सर्वांत बोलके उदाहरण मेळघाटचे आहे. तेथील कोरकू समाजाची भाषा मुंडा कुळातील. मराठीशी तिचे नाते नाही. पाण्याला ‘डा’ आणि खाण्याला ‘जोम’ म्हणणाऱ्या या लोकांसाठी ‘कुरकू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन’ नावाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. तिच्या जॉन ड्रेक या मिशनऱ्याने कोरकू भाषेचे व्याकरण सिद्ध केले आणि ते १९०३ साली कलकत्त्यास छापले गेले. परका मनुष्य सातासमुद्रापलीकडून येऊन शेजाऱ्याची भाषा शिकला. परतवाड्याचा घाट उतरून दर बाजारी येणाऱ्या त्याच शेजाऱ्याशी आपण मात्र त्याच्या भाषेत कधी बोललो नाही. ड्रेकचा हेतू कोणताही असो, त्याच्या परिश्रमापुढे मान लववावीच लागते.

पण भाषा म्हणजे संपूर्ण संस्कृती नव्हे. कोरकू कुटुंब आपल्या मृतांसाठी ‘सिडोली’चा विधी करते. सागवानी फळीवर चंद्र, सूर्य आणि घोडेस्वार कोरून ‘मुंडा’ उभारते. जिवंत आणि मृत यांना एका कुळात बांधून ठेवणारा तो धागा आहे. एकाच ईश्वराची उपासना मागणारा धर्म स्वीकारलेल्या घरात हा मुंडा कोण उभारणार? चर्च म्हणते की, आम्ही संस्कृती बदलत नाही, तिच्यात रुजतो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ती उपासनेत आणले, हे त्याचे उत्तम प्रमाण म्हणून दाखविले जाते. टिळकांच्या प्रतिभेविषयी दुमत नाही. मात्र वेष आणि वाणी कायम राहूनही पूर्वजांची दैवते उपासनेबाहेर राहतात. वादाचा मुद्दा तोच आहे.

विचारपूर्वक श्रद्धा बदलण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. संविधानाचे २५ वे कलम विवेकस्वातंत्र्य मान्य करते. त्याच कलमाचा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले की, प्रचाराच्या अधिकारात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा अधिकार अंतर्भूत नाही. वऱ्हाड मध्य प्रदेशात असताना, १९५४ साली न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने शाळा, दवाखाने आणि अनाथालये यांचा धर्मांतरासाठी होणारा वापर आक्षेपार्ह ठरविला. १९५६ सालचा हा अहवाल ख्रिस्ती संस्थांनी एकांगी म्हणून फेटाळला, पण एस. के. जॉर्ज हे ख्रिस्ती विचारवंत त्या समितीचे सदस्य होते, हे विसरता येत नाही.

कायद्याने लोभ आणि दडपण यांना आळा बसेल. डोंगरातील पोकळी मात्र भरून निघणार नाही. हे ओळखले ते अमरावतीत जन्मलेल्या बाळासाहेब देशपांडे यांनी. १९५२ साली जशपूर येथे त्यांनी वनवासी कल्याण आश्रमाची स्थापना केली. मेळघाटातच बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी दशकानुदशके रुग्णसेवा केली. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. औषधाच्या मोबदल्यात त्यांनी कोणाची श्रद्धा मागितली नाही.

चर्चला लावलेली कसोटी आता स्वतःलाही लावून पाहावी. पहिलीत बसलेल्या कोरकू मुलाला मराठी परकी वाटते, म्हणून आपण त्याला मंद ठरवितो काय? होळीच्या सुमारास तो मेघनाथाला पूजतो, तेव्हा रामायणातील इंद्रजिताचे स्मरण होऊन आपल्या कपाळाला आठी पडते काय? पडत असेल तर, दुसऱ्याचे दैवत पुसून टाकल्याचा दोष मिशनऱ्यांना देण्याचा अधिकार आपण गमावून बसतो. हिंदू समाजाचे वैशिष्ट्य हेच की, येथे दैवत न बदलता मनुष्य आपला राहतो. या वैशिष्ट्याचा अनुभव मेळघाटातील शेवटच्या पाड्यालाही आला पाहिजे.

त्यासाठी सभा आणि निषेधाचे ठराव पुरेसे नाहीत. अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांतून दरवर्षी चार तरुण कोरकू शिकून मेळघाटात जावेत. त्यांनी तेथे शिकवावे, शुश्रूषा करावी आणि मुंडा उभारला जात असताना कुटुंबासोबत बसावे. व्याकरण परक्याने लिहिले. त्या भाषेतला संवाद तरी आपण सुरू करावा.